टू-स्ट्रोकचा प्लग : आकडा, रंग आणि काही गैरसमज

पाऊस ओसरून कोकणात बेणणी सुरू झाली आणि देशावर फवारणीचे पंप बाहेर निघाले, की या सदराच्या टपालात स्पार्क प्लगविषयीची पत्रे वाढू लागतात. या खेपेस त्यांतली पाच निवडली आहेत. पहिल्या दोन पत्रांची उत्तरे लांबली आहेत, कारण उरलेल्या पत्रांतल्या बऱ्याच शंका त्यांतच मिटतात.

प्रश्न : आमच्या हापूसच्या बागेत टू-स्ट्रोक ग्रासकटर आहे. दर दहा-बारा दिवसांनी प्लग काळा आणि तेलकट होतो व यंत्र बंद पडते. पुस्तिकेत बीपीएमआर७ए हा प्लग सांगितला आहे. दुकानदाराने मात्र ‘एक नंबर गरम टाका, काळा पडणार नाही’ असे सांगून बीपीएमआर६ए दिला. तो वापरावा का? आकडा कमी म्हणजे प्लग हलका समजायचा का? (एक बागायतदार, राजापूर)

उत्तर : त्या प्लगवर यंत्र चालू होईल, पण तो वापरू नये. आकड्याचा प्लगच्या दर्जाशी किंवा आकाराशी संबंध नाही. तो उष्णतेचा क्रमांक आहे. गरम प्लग म्हणजे जोरकस ठिणगी, हा समज तर मुळातूनच चुकीचा आहे. ठिणगीचा जोर वीज तयार करणारे भाग, म्हणजे मॅग्नेटो आणि कॉइल, ठरवतात. ‘गरम’ आणि ‘थंड’ हे शब्द एवढेच सांगतात, की ज्वलनात तापलेल्या प्लगच्या टोकाची उष्णता किती लवकर इंजिनाच्या हेडमध्ये निघून जाते. प्लगच्या आतल्या पांढऱ्या चिनीमातीचे नाक लांब असले, तर उष्णतेला धातूपर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडतो आणि टोक तापलेले राहते. नाक आखूड असले तर टोक लवकर निवते. लांब दांड्याच्या पळीचे टोक चुलीवर असले तरी हाताला चटका उशिरा बसतो, तसाच हा प्रकार आहे.

टोक किती तापावे यालाही मर्यादा आहे. साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर टोकावर साठलेला कार्बन आणि तेल आपोआप जळून जाते; सुमारे ८५० अंशांच्या पुढे मात्र टोकच निखाऱ्यासारखे काम करू लागते आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते. प्लगला या दोन मर्यादांच्या मध्ये राहायचे असते. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा ज्वलन होते, तर टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. मिनिटाला ९,००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या ग्रासकटरचा प्लग सेकंदाला १५० वेळा पेटतो आणि मधे निवण्यासाठी त्याला मोकळी फेरी मिळत नाही. शिवाय त्याच्या अंगावर सतत तेल येत असते. म्हणून टू-स्ट्रोकमध्ये प्लगच्या क्रमांकाची चूक दोन्ही बाजूंनी लवकर अंगाशी येते.

आता तुमच्या प्लगवरची अक्षरे पाहू. एनजीके कंपनीच्या पद्धतीत ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे, ‘पी’ म्हणजे चिनीमातीचे नाक आट्यांच्या पुढे आलेले, ‘एम’ म्हणजे आखूड अंगाचा प्लग आणि ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा भाग) बसवलेला. ७ हा उष्णतेचा क्रमांक. एनजीकेमध्ये हा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणून ६ हा ७ पेक्षा गरम. बॉश आणि चॅम्पियन या कंपन्यांच्या सध्याच्या प्लगांवर याच्या बरोबर उलट आहे. तिथे आकडा वाढला की प्लग गरम होतो. बीपीएमआर७ए च्या जागी बॉशचा डब्ल्यूएसआर६एफ चालतो, हे पाहून ‘७ च्या जागी ६ चालतो’ असा निष्कर्ष काही जण काढतात आणि मग एनजीकेचाच ६ घालतात. दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना नेहमी कंपनीच्या तक्त्यावरूनच करावी, तोंडी हिशेबाने करू नये.

दुकानदाराच्या सल्ल्याने काय होईल ते सांगतो. सकाळच्या हलक्या कामात प्लग कोरडा दिसेल आणि सल्ला बरोबर ठरला असे वाटेल. पण ऑक्टोबरच्या उन्हात, कमरेएवढ्या रानात, पूर्ण रेसवर सलग अर्धा तास पाते फिरले की त्याच प्लगचे टोक मर्यादेच्या वर जाऊ शकते. तेव्हा प्लग काळा पडत नाही, पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. प्लग ६० रुपयांचा असो वा १५० चा, ब्लॉक-पिस्टनचा खर्च त्याच्या कित्येक पट असतो.

आणि मूळ दुखणे तर तसेच राहील. तेलकट काळा प्लग म्हणजे जळले नाही ते तेथे साठले. याची कारणे तुमच्या बागेतच शोधावी लागतील. पहिले कारण तेलाचे माप. तुम्ही तेल कशाने मोजता ते पत्रात लिहिलेले नाही, परंतु बहुतेक ठिकाणी ते बाटलीच्या झाकणाने किंवा नजरेने मोजले जाते. पुस्तिकेत १:५० सांगितले असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर, पाच लिटरच्या कॅनला १०० मिलिलिटर, एवढाच हिशेब आहे. १:२५ असेल तर दुप्पट. औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्यावी आणि कॅनलाच दोऱ्याने बांधून ठेवावी. तेलही टू-स्ट्रोकचेच हवे. मोटारसायकलच्या इंजिनाचे उरलेले तेल त्यात घालू नये.

दुसरे कारण हवेचा फिल्टर. गवताची भुकटी आणि लाल धूळ यांनी तो भरला की हवा कमी पडते आणि पेट्रोलचे प्रमाण वाढते. तिसरे कारण सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी बारीक जाळी. ती कार्बनने बुजली की जळालेला वायू बाहेर पडत नाही, यंत्राची ताकद जाते आणि प्लग काळा होतो. चौथे कारण यंत्राचे नव्हे, चालवण्याच्या पद्धतीचे आहे. गडी बांधावर बसून पाणी पितो आणि यंत्र शेजारी मंद फटफटत राहते. मंद गतीवर टोक ४५० अंशांपर्यंत पोचतच नाही. दहा मिनिटे विश्रांती घ्यायची असेल तर यंत्र बंद करावे, आणि मंद गतीवर फार वेळ राहिलेच तर पुढच्या कामात दोन-तीन मिनिटे पूर्ण रेस द्यावी. ही चारही कारणे पाहून झाली तरी प्लग ओलाच निघत असेल, तर पेट्रोल व हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर पाहावा लागेल. तोवर त्याच्या स्क्रूला हात लावू नये.

जाता जाता एक खुलासा : शेजाऱ्याकडे होंडाच्या जीएक्स३५ इंजिनाचा ग्रासकटर असेल, तर ते इंजिन फोर-स्ट्रोक आहे, त्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळत नाहीत आणि त्याचा सीएमआर५एच हा प्लग १० मिलिमीटर आट्यांचा असतो. तुमचा प्लग त्यात बसणार नाही, त्याचा तुमच्यात बसणार नाही.

प्रश्न : माझ्या चेन सॉचा प्लग काढला तर तो अगदी खडूसारखा पांढरा निघाला. मेकॅनिक म्हणतो, पांढरा म्हणजे ज्वलन स्वच्छ. यंत्र अलीकडे जास्त रेस घेते, पण जाड ओंडक्यात दम तोडते. प्लगचा रंग नेमका कसा वाचावा? (एक वाचक, डिचोली, गोवा)

उत्तर : पांढरा रंग आणि ओंडक्यात तुटणारा दम ही दोन लक्षणे एकत्र आली असतील, तर ओंडका बाजूला ठेवून यंत्र आजच थांबवावे. कारण खाली येईलच. आधी प्लग वाचण्याची रीत सांगतो, कारण चुकीच्या वेळी काढलेला प्लग चुकीचीच गोष्ट सांगतो.

चालू यंत्र हळूहळू मंद करून, मिनिटभर फटफटू देऊन मग बंद केले, तर प्लगवर त्या शेवटच्या मिनिटाचा थर दिसतो, कामाचा नव्हे. खरे पाहायचे असेल तर नवा किंवा स्वच्छ प्लग घालावा, यंत्र गरम करावे, प्रत्यक्ष लाकडात पूर्ण रेसवर काही कट घ्यावेत आणि रेस सोडण्याआधीच स्विच बंद करावा. यंत्र निवल्यावर प्लग काढून तो सावलीत नव्हे, दिवसाच्या उजेडात पाहावा; शक्य असल्यास भिंगातून. पाहायची जागा म्हणजे चिनीमातीचे नाक, विशेषतः त्याचा आत खोलवर गेलेला बुंधा. बाहेरच्या कडेवरची काजळी फारशी महत्त्वाची नसते.

नाकावर फिकट तपकिरी, चहात भिजलेल्या बिस्किटासारखा किंवा राखाडीकडे झुकणारा रंग असेल तर सर्व ठीक आहे. जुने मेकॅनिक ज्या गडद विटकरी रंगाची वाट पाहतात तो आता दिसत नाही. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यापासून प्लगचे रंग फिके झाले आहेत. त्यामुळे किंचित फिकट नाक पाहून घाबरण्याचे कारण नाही. कोरडी, मखमलीसारखी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओले, चकाकणारे काळे असेल तर तेल जास्त, किंवा ठिणगीच पडत नाही. चिनीमाती खडूसारखी शुभ्र, वर बारीक फोड किंवा काचेसारखी चमक, आणि बाजूच्या वाकड्या इलेक्ट्रोडची (ठिणगी पडते त्या धातूच्या टोकाची) कड झिजून निळसर झालेली असेल, तर टोक मर्यादेबाहेर तापले आहे. आणि त्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरीच्या भुकटीसारखे, उजेडात चमकणारे करडे कण दिसले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. एका साखर कारखान्याजवळच्या वर्कशॉपमध्ये असा प्लग मी पाहिला होता. मालकाला ती नुसती धूळ वाटली आणि त्याने फुंकर मारली. कण हलले नाहीत, कारण ते वितळून चिकटले होते. सिलिंडर उघडला तेव्हा पिस्टनची एक कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती.

तुमच्या यंत्रात असे कण नसावेत अशी आशा आहे, पण वाढलेली रेस हेच ओळखीचे चिन्ह आहे. मिश्रणात पेट्रोल कमी पडले, म्हणजे मिश्रण पातळ झाले, की मोकळी रेस चढते, भाराखाली दम जातो आणि टोक तापते. टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलबरोबरच तेल येते, त्यामुळे पातळ मिश्रण म्हणजे कमी वंगणही. मेकॅनिकला ‘स्वच्छ ज्वलन’ वाटले ते प्रत्यक्षात तेलाचा दुष्काळ आहे.

पेट्रोल कमी पडण्याची कारणे या क्रमाने पाहावीत : टाकीतला छोटा फिल्टर, टाकीच्या झाकणातले किंवा बाजूचे श्वास घेण्याचे छिद्र, कडक झालेली किंवा तडकलेली पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधले रबर, आणि शेवटी क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) सील. सिलिंडर आणि कार्ब्युरेटर यांच्यामधून बाहेरची हवा शिरत असेल तर कार्ब्युरेटरचा स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग नाही. रेस कधी एकदम चढणे आणि कधी खाली न येणे ही त्याची खूण आहे.

यात अलीकडे एका गोष्टीची भर पडली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या वजनात तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त प्राणवायू असतो, त्यामुळे असे पेट्रोल जळायला शुद्ध पेट्रोलच्या मानाने सुमारे सात-आठ टक्के कमी हवा लागते. आधुनिक मोटारीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. साध्या कार्ब्युरेटरला डोळे नसतात, तो जुन्या मापानेच देत राहतो आणि मिश्रण पातळ होते. चेन सॉ बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केलेले असते. गोव्याच्या दमट हवेत इथेनॉल पाणीही ओढून घेते, आणि पुरेसे पाणी शिरले की टाकीच्या तळाशी पाणी व इथेनॉलचा वेगळा थर बसतो, ज्यात तेल नसते. म्हणून महिन्याहून जुने मिश्रण वापरू नये, आणि जोरदार रेसचा ‘एच’ स्क्रू टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारे यंत्र) असलेल्या माणसाकडूनच लावून घ्यावा. कानाने लावायची पाळी आलीच, तर जुन्या पद्धतीच्या चेन सॉची मोकळी पूर्ण रेस किंचित फडफडती असावी आणि लाकडात पाते गेले की ती फडफड जाऊन आवाज स्वच्छ व्हावा. मोकळ्या हवेतच तो शिट्टीसारखा तीक्ष्ण लागत असेल तर पेट्रोल वाढवावे. थंड क्रमांकाचा प्लग घालून पांढरेपणा घालवू नये. राजापूरच्या वाचकांना दिलेलेच हे उत्तर आहे, फक्त उलट्या दिशेचे.

प्रश्न : वडिलांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर मी पुन्हा चालू करत आहे. पुस्तिकेत मायकोचा डब्ल्यू १७५ ने सुरू होणारा प्लग लिहिला आहे. दुकानात आता एक आकडी क्रमांकाचेच प्लग मिळतात. कोणता घ्यावा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मायको हे बंगळूरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे नाव, ती १९५१ पासून बॉशचे तंत्र घेऊन येथे उत्पादन करत होती, आणि तिचेच नाव २००८ साली बॉश लिमिटेड झाले. त्यामुळे जुना मायको आणि आजचा बॉश ही एकच वंशावळ आहे, पण आकड्यांची पद्धत मात्र मधेच उलटली. जुन्या तीन आकडी पद्धतीत संख्या वाढली की प्लग थंड होई. नव्या एक आकडी पद्धतीत संख्या वाढली की गरम होतो. ढोबळ मानाने जुना १४५ म्हणजे नवा ८, १७५ म्हणजे ७ आणि २२५ म्हणजे ५. तुम्हाला डब्ल्यू ७ च्या कुळातला प्लग हवा आहे.

परंतु केवळ आकडा जुळून भागत नाही. आट्यांची लांबी जुळली पाहिजे. १४ मिलिमीटर व्यासाचे प्लग ९.५, १२.७ आणि १९ अशा वेगवेगळ्या लांबीच्या आट्यांत मिळतात आणि हाताने फिरवताना सगळे सारखेच बसतात. जास्त लांबीचा बसवला तर तो पिस्टनवर आपटू शकतो. आपटला नाही तरी आत उघडे राहिलेले आटे तापतात आणि त्यांत कार्बन भरून तो प्लग पुढे निघत नाही. कमी लांबीचा बसवला तर हेडमधले उघडे आटे कार्बनने बुजतात. जुना प्लग खिशात घालून दुकानात जावे आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहावेत.

प्रश्न : पाठीवरच्या फवारणी पंपाचा प्लग बाहेर काढून हेडला टेकवला तर ठिणगी चांगली दिसते, पण बसवल्यावर पंप चालूच होत नाही. प्लग चांगला म्हणावा की खराब? (एक द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर : बाहेरची ठिणगी अर्धेच सांगते. मोकळ्या हवेत अर्ध्या मिलिमीटरची गॅप (दोन इलेक्ट्रोडमधली फट) ओलांडायला जेवढा विजेचा दाब लागतो, त्याहून कितीतरी जास्त दाब सिलिंडरमधल्या दाबलेल्या मिश्रणात लागतो. चिनीमातीवर कार्बनचा थर असेल तर आत करंट त्या थरावरून खाली पळतो आणि गॅपमध्ये काहीच पडत नाही. बाहेर मात्र तोच प्लग निळी ठिणगी दाखवतो. म्हणून नव्या प्लगने एकदा तपासणे हीच खरी कसोटी. ही परीक्षा घेताना प्लग त्याच्या छिद्रापासून लांब टेकवावा. छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि ती पेटते.

टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक खोड आहे. कार्बनचा एखादा केसासारखा तंतू दोन्ही इलेक्ट्रोडना जोडून बसतो आणि प्लग पूर्ण शॉर्ट होतो. तो इतका बारीक असतो की काढताना पडून जातो, आणि हातात येतो तो स्वच्छ प्लग. असे वारंवार होत असेल तर तेलाचा प्रकार बदलावा आणि सायलेन्सरमधला कार्बन काढावा.

साफसफाईसाठी पितळी ब्रश आणि पेट्रोल पुरे. लोखंडी ब्रशने चिनीमातीवर धातूच्या रेघा उमटतात आणि करंट त्यांवरून पळतो. वाळूच्या यंत्रात प्लग साफ करून आणू नये. नाकाच्या बुंध्याशी अडकलेला एक कण पुढे सिलिंडरवर ओरखडा काढतो. गॅप पुस्तिकेप्रमाणे, बहुतेक छोट्या पंपांत ०.५ ते ०.६ मिलिमीटर, फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) लावावी आणि वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. बसवताना आटे हाताने पूर्ण फिरवावेत. नवा वॉशर असेल तर त्यानंतर पान्याने अर्धा फेरा, जुना वॉशर असेल तर घड्याळाच्या तासकाट्याने एका तासात सरकावे तेवढेच. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे याहून जास्त सहन करत नाहीत.

प्रश्न : इरिडियम प्लग घेतल्यास टू-स्ट्रोक ग्रासकटरला फायदा होतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : थोडा होतो, किमतीइतका होत नाही. इरिडियम अतिशय कठीण व उशिरा वितळणारा धातू असल्याने मधला इलेक्ट्रोड सुईसारखा बारीक करता येतो. बारीक टोकावरून ठिणगी विजेच्या कमी दाबात उडते आणि थंड यंत्र जरा लवकर धरते. पण ग्रासकटरचा प्लग इलेक्ट्रोड झिजून क्वचितच मरतो, तो तेलाने आणि कार्बनने मरतो, आणि ते इरिडियमवरही तेवढेच बसते. वर त्या बारीक टोकाला ब्रश लावता येत नाही. साधा निकेलचा प्लग सुमारे १०० तासांच्या कामानंतर बदलावा, एक कोरा प्लग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवावा, आणि काढलेला प्लग फेकण्याआधी उजेडात धरून पाहावा.